आधी गोळी, मग दारू

नवी रायफल घेतलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो दारूचा. "थर्टी-ऑट-सिक्समध्ये (.३०-०६) किती ग्रेन भरू?" मुरलेला जाणकार यावर आकडा सांगत नाही. तो उलट विचारतो, "मारायचं काय? किती अंतरावरून? नळीचा पीळ किती? आणि गोळी कोणती?" या चार प्रश्नांची उत्तरं मिळाली की दारूचा प्रश्न निम्मा सुटतो. उरलेला निम्मा पुस्तक उघडून सोडवायचा असतो.

भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हौशी शिकारीचा विषय संपला, आणि तो संपला हे योग्यच झालं. पण पेनसिल्व्हेनिया, विस्कॉन्सिन, मिशिगन, टेक्सास, कोलोरॅडो अशा राज्यांत स्थायिक झालेली काही मराठी मंडळी शेजाऱ्याच्या किंवा ऑफिसातल्या मित्राच्या नादाने नोव्हेंबरात हरणाच्या शिकारीला जाऊ लागली आहेत. तिथे ही शिकार परवान्याने आणि हंगामात होते, आणि हरणांची संख्या आटोक्यात ठेवण्याचा तो सरकारमान्य मार्ग आहे. पहिलं वर्ष दुकानातल्या काडतुसांवर जातं. मग कोणीतरी रीलोडिंगचा, म्हणजे झाडलेली पुंगळी पुन्हा भरण्याचा छंद लावतो, आणि तिथून वजनं, दारूचे डबे, आकडे यांचा गोंधळ सुरू होतो. हा लेख त्या गोंधळात सापडलेल्यांसाठी आहे. यात दारूचं एकही माप दिलेलं नाही. ते का, हेही पुढे येईल.

सगळ्यात आधी कायदा

एच-१बी, एल-१, एफ-१ यांसारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या माणसाला अमेरिकेच्या संघीय कायद्याने बंदूक आणि दारूगोळा जवळ बाळगता येत नाही. वैध शिकार परवाना असेल तर याला अपवाद आहे. ग्रीन कार्डधारकांना ही बंदी लागू नाही. पण पुष्कळांच्या लक्षात न येणारी गोष्ट अशी, की कायद्याच्या व्याख्येत 'दारूगोळा' म्हणजे फक्त तयार काडतूस नाही. पुंगळी, प्रायमर (दारू पेटवणारी बुडातली टोपी), गोळी आणि दारू हे सुटे भागही त्यात मोडतात. म्हणजे दारूचा एक डबा घरात ठेवण्याआधीसुद्धा आपल्या कागदपत्रांची स्थिती तपासली पाहिजे. शंका असेल तर इमिग्रेशन वकिलाला विचारा. तिथे दिलेली फी वाया जात नाही.

मग राज्याचे नियम. न्यू जर्सीत हरणासाठी रायफल चालतच नाही. शॉटगन, मझललोडर किंवा धनुष्यबाण, एवढंच. एडिसनला राहणाऱ्याला रायफल वापरायची तर पेनसिल्व्हेनियाचा परवाना काढावा लागतो. ओहायोत हरणासाठी रायफलीत सरळ भिंतीच्या पुंगळीची काडतुसंच चालतात, त्यामुळे बाटलीसारखी मान असलेलं .३०-०६ तिथे बाद. कोलोरॅडोत तर गोळीचं वजनच नियमात लिहिलेलं आहे: रायफल .२४ कॅलिबर किंवा त्याहून मोठी, गोळी पसरणारी, हरणासाठी किमान ७० ग्रेन, एल्क आणि मूससाठी किमान ८५ ग्रेन, आणि १०० यार्डांवर किमान १,००० फूट-पाउंड ऊर्जा. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९पासून राज्यभर शिशाच्या गोळीने शिकार करायला बंदी आहे. तिथल्या माणसाचा गोळीचा प्रश्न कायद्यानेच अर्धा सोडवला आहे: गोळी तांब्याची किंवा शिसं नसलेल्या दुसऱ्या धातूची. नियम बदलत राहतात, म्हणून दर हंगामाला राज्याची ताजी नियमपुस्तिका उघडून पाहावी.

ग्रेन म्हणजे किती

गोळीचं वजन आणि दारूचं माप दोन्ही ग्रेनमध्ये सांगतात. एका पाउंडात ७,००० ग्रेन. एका ग्रॅममध्ये साधारण १५.४३. मराठी घरातल्या माणसाला याचा अंदाज सोन्याच्या जुन्या मापाने पटकन येतो. सोनाराचा जुना तोळा म्हणजे नेमके १८० ग्रेन, ११.६६ ग्रॅम. म्हणजे .३०-०६ची १८० ग्रेनची गोळी बरोबर एक तोळ्याची. तोळ्याच्या ९६ गुंजा, म्हणून एक गुंज पावणेदोन ग्रेनहून किंचित जास्त. दारूचं माप वाढवताना आपण अर्ध्या ग्रेनच्या पायऱ्या घेतो. ही पायरी गुंजेच्या जेमतेम चौथ्या भागाएवढी असते. हे काम किती बारीक हाताचं आहे ते यावरून लक्षात येईल.

इथे एक घोळ टाळायला हवा. गोळीचे ग्रेन आणि दारूचे ग्रेन वेगवेगळे. "१५० ग्रेनचं काडतूस" म्हणजे १५० ग्रेनची गोळी. आत दारू त्याच्या निम्म्याहूनही कमी असते. आणि ग्रेन म्हणजे दारूचा दाणा नव्हे. इलेक्ट्रॉनिक काट्यावर ग्रॅम आणि ग्रेन अशी दोन्ही मापं असतात. बटण चुकून दाबलं जातं, म्हणून बसताना काटा कोणत्या मापावर आहे हे रोज पाहावं.

वजनाने काय बदलतं

.३०-०६ या काडतुसाचा जन्मच वजनाच्या प्रश्नातून झाला. १९०३ साली अमेरिकी लष्कराने घेतलेल्या त्याच्या आधीच्या काडतुसात २२० ग्रेनची, बोथट नाकाची गोळी होती. युरोपात तोवर हलक्या, टोकदार, वेगवान गोळ्या आल्या होत्या. म्हणून १९०६ साली लष्कराने पुंगळीची मान किंचित आखूड केली आणि १५० ग्रेनची टोकदार गोळी घातली. वेग सेकंदाला २,७०० फूट. नावातला ०६ तो तिथला. आज त्याच काडतुसात ११० ते २२० ग्रेनपर्यंतच्या गोळ्या मिळतात, आणि बाजाराच्या मधोमध १५०, १६५, १८० ही तीन वजनं उभी आहेत.

हलकी गोळी जास्त वेगाने सुटते, हे सर्वांना माहीत असतं. त्या वेगाने प्रत्यक्षात किती फरक पडतो हे मात्र आकड्यांत पाहावं. ऊर्जेचं सूत्र सोपं आहे: ग्रेनमधलं वजन, गुणिले वेगाचा वर्ग, भागिले ४,५०,२४०. १५० ग्रेनची गोळी सेकंदाला २,९०० फुटांनी सुटली तर नळीच्या तोंडाशी ऊर्जा येते २,८०२ फूट-पाउंड. १६५ ग्रेनची २,८०० फुटांनी सुटली तर २,८७३. १८० ग्रेनची २,७०० फुटांनी सुटली तर २,९१४. पुंगळी तीच, नळी तीच, आणि तिन्हींच्या ऊर्जेत फरक चार टक्क्यांचा. २०० यार्डांवर नेम बसवलेली रायफल ३०० यार्डांवर साधारण सात-आठ इंच खाली मारते. सारख्या आकाराच्या १५० आणि १८० ग्रेनच्या गोळ्यांत तिथे फरक पडतो तो एक-दोन इंचांचा. हरणाच्या हृदय-फुप्फुसांची जागा आठ ते दहा इंचांची असते. त्यात हा फरक सहज मावतो.

मग वजन कशासाठी निवडायचं? तर गोळी जनावराच्या आत किती खोल जाते यासाठी. याचं एक माप आहे, छेदघनता. पाउंडातलं वजन भागिले इंचातल्या व्यासाचा वर्ग. .३० कॅलिबरची १५० ग्रेनची गोळी .२२६ भरते, १६५ची .२४८, १८०ची .२७१. .२७० विंचेस्टरमधली १३० ग्रेनची आणि .२४३मधली १०० ग्रेनची, दोन्ही .२४२. म्हणजे बांधणी सारखी असेल तर लहान कॅलिबरची 'हलकी' वाटणारी गोळी मोठ्या कॅलिबरच्या मधल्या वजनाइतकीच आत शिरते. आपल्या कॅलिबरमध्ये कोणतं वजन 'मधलं' आहे ते या मापाने ठरवावं. शेजाऱ्याच्या वेगळ्या कॅलिबरवरून ठरवू नये.

व्यवहारात .३०-०६ आणि .३०८ विंचेस्टरसाठी हिशेब असा बसतो. व्हाइटटेल हरीण, प्राँगहॉर्न, टेक्सासातला रानडुक्कर यांना १५० किंवा १६५. काळं अस्वल, मोठं म्यूल डिअर यांना १६५. एल्क आणि मूससाठी १८०. २२० ग्रेनची गोळी आज अलास्कातल्या दाट झाडीतल्या मोठ्या अस्वलापुरती उरली आहे. एकाच रायफलीने सगळं करायचं असेल आणि डोक्याला ताप नको असेल, तर १६५ घ्यावी आणि पुढे जावं.

वजनाचा आणखी एक हिशेब खांद्यावर होतो. जड गोळी म्हणजे जास्त धक्का. धक्क्याची धास्ती घेतलेला माणूस चाप दाबताना डोळे मिटतो, आणि मग गोळी पोटात किंवा मागच्या पायात जाते. नवशिक्याने, किरकोळ अंगाच्या माणसाने किंवा घरातल्या अठरा वर्षांच्या मुलीने पहिली काही वर्षं हलकी गोळीच वापरावी. तीस यार्ड जास्त पल्ल्यापेक्षा डोळा उघडा ठेवून मारलेली गोळी हरणाला लवकर मारते, आणि हरणाला लवकर मारणं हीच शिकारीची पहिली जबाबदारी.

वजनापेक्षा बांधणी

दोन गोळ्यांचं वजन सारखं असलं तरी जनावराच्या अंगात त्या अगदी वेगळ्या वागतात. साध्या गोळीत तांब्याच्या मिश्रधातूच्या सालीत शिशाचा गाभा असतो. लागल्यावर पुढचं टोक पसरतं आणि जखम रुंद होते. मध्यम वेगाला आणि हरणाच्या अंगाला ही बांधणी उत्तम, शिवाय स्वस्त. पण हीच गोळी जवळून, प्रचंड वेगाने, मोठ्या जनावराच्या खांद्याच्या हाडावर बसली तर तिथल्या तिथे फुटू शकते.

१९४६ साली ब्रिटिश कोलंबियात जॉन नोस्लर याच्या गोळ्या चिखलाने माखलेल्या मूसवर अशाच फुटल्या. घरी येऊन त्याने गोळीच्या मधोमध तांब्याची आडवी भिंत ठेवली. पुढचा भाग पसरतो आणि मागचा भाग शाबूत राहून आत जातो. ही 'पार्टिशन' गोळी घेऊन १९४८ साली त्याची कंपनी उभी राहिली. १९८९ साली बार्न्स कंपनीने शिसं पूर्ण काढून नुसत्या तांब्याची एक्स गोळी आणली. तिचं टोक फुलासारखं उघडतं आणि वजन जवळजवळ सगळं टिकतं. त्यामुळे तांब्याची गोळी घेताना एक पायरी हलकी चालते. जिथे साधी १८० लागली असती तिथे तांब्याची १६५ पुरते. मात्र तांब्याची गोळी उघडायला वेग लागतो. लांब पल्ल्यावर वेग कमी झाला की ती न उघडता आरपार जाण्याचा धोका असतो. किती वेगाखाली गोळी उघडत नाही तो आकडा कंपनीच्या माहितीत असतो. तो पाहावा आणि त्यावरून आपला कमाल पल्ला ठरवावा.

शिशाचा प्रश्न घराच्या स्वयंपाकघरातही येतो. साधी गोळी फुटते तेव्हा शिशाचे बारीक कण जखमेभोवतीच्या मांसात विखुरतात. घरात लहान मुलं किंवा गरोदर बाई असेल तर तांब्याची गोळी घ्यावी. तेवढं जमत नसेल तर जखमेभोवतीचं मांस सढळ हाताने कापून टाकावं.

आणि एक गोष्ट स्पष्ट: मॅच गोळ्या, म्हणजे नेमबाजीच्या स्पर्धेसाठीच्या गोळ्या, शिकारीला वापरू नयेत. कागदावर त्यांची नेमकी जागा बसते म्हणून मोह होतो. पण त्यांची साल पातळ असते, आणि त्या कशा उघडतील याचा भरवसा नसतो. बनवणाऱ्या कंपन्याच त्या शिकारीसाठी नकोत असं सांगतात.

नळीचा पीळ

नळीच्या आतल्या आट्यांमुळे गोळी स्वतःभोवती फिरते आणि स्थिर राहते. किती इंचांत एक फेरा पूर्ण होतो त्याला पीळ म्हणतात, आणि तो बहुधा नळीवरच कोरलेला असतो: १:१०, १:१२ असा. पीळ गोळीच्या लांबीशी जुळावा लागतो. १८७९ साली आल्फ्रेड ग्रीनहिल या इंग्रज गणितज्ञाने यासाठी एक साधं सूत्र दिलं: १५० गुणिले व्यासाचा वर्ग, भागिले गोळीची लांबी. .३०८ इंच व्यासाच्या सव्वा इंच लांब गोळीला ते साधारण ११ इंचांचा पीळ सांगतं. आजची गणितं याहून बारीक आहेत, पण अंदाजाला हे पुरतं.

पीळ चुकला तर काय होतं ते रेमिंग्टन कंपनीने अनुभवलं. १९५५ साली विंचेस्टरने .२४३ आणि रेमिंग्टनने .२४४ अशी दोन ६ मिलिमीटरची काडतुसं बाजारात आणली. विंचेस्टरच्या नळीत दर १० इंचांना एक फेरा, रेमिंग्टनच्या नळीत १२ इंचांना. लहान उपद्रवी जनावरांसाठी ७५ ग्रेनची आणि हरणासाठी ९० ग्रेनची गोळी पुरेल, असा रेमिंग्टनचा अंदाज. गिऱ्हाइकांना हरणासाठी १०० ग्रेनची गोळी हवी होती, आणि १२ इंचांच्या पिळात लांब, टोकदार १०० ग्रेनची गोळी स्थिर राहण्याची खात्री नव्हती. .२४३ धावली, .२४४ मागे पडली. १९६३ साली रेमिंग्टनने पीळ ९ इंचांचा केला आणि काडतुसाला नवं नाव दिलं, पण बाजार तोवर हातचा गेला होता.

तांब्याची गोळी घेणाऱ्यांनी पिळाकडे जास्त लक्ष द्यावं. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून त्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते. १:१२च्या जुन्या .३०८मध्ये १८० ग्रेनची तांब्याची गोळी घालण्याआधी गोळीच्या डब्यावर लिहिलेला किमान पीळ वाचावा. कागदावर गोळीचं भोक गोल न पडता लांबट पडलं, तर ती आडवी होते आहे. ती गोळी त्या नळीची नाही.

दारू: जलद आणि मंद

आता दारू. धूररहित दारूच्या प्रत्येक प्रकाराचा जळण्याचा वेग वेगळा असतो. पिस्तुलाची दारू अतिजलद, मोठ्या मॅग्नम रायफलीची अतिमंद. जड गोळी नळीत हळू सरकते, म्हणून तिच्यामागे मंद दारू हवी. हलक्या गोळीमागे जरा जलद. .३०-०६मध्ये १५० ग्रेनसाठी आयएमआर ४०६४, व्हारगेट, एच-४८९५. १६५ आणि १८०साठी ४३५०च्या वर्गातली. त्याहून जड असेल तर एच-४८३१सारखी. .३०८ची पुंगळी लहान, म्हणून तिथे व्हारगेट आणि ४०६४ चालतात. .२७० विंचेस्टर आणि १३० ग्रेनची गोळी ही जोडी जॅक ओ'कॉनर या लेखकाने अमेरिकेत घरोघरी पोहोचवली. तिच्यासाठी ४८३१ ही दारू नावाजली गेली. दुसऱ्या महायुद्धानंतर तोफगोळ्यांची शिल्लक दारू विकत घेऊन ब्रूस हॉजडन याने ती या छंदाच्या लोकांना विकली, तिथून तिची ख्याती सुरू झाली.

नावांत एक सापळा आहे. एच-४८३१ आणि आयएमआर ४८३१ या दोन वेगळ्या दारू आहेत. एच-४३५० आणि आयएमआर ४३५० याही वेगळ्या. आकडा एक म्हणून एकीचं माप दुसरीला लावलं तर दाब धोक्याच्या पुढे जाऊ शकतो. डब्यावरचं पूर्ण नाव पुस्तकातल्या पूर्ण नावाशी अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. दोन दारू कधीही मिसळू नयेत.

रायफलीचं वयही पाहावं. अमेरिकेतल्या सामी या मानकसंस्थेने .३०८ला ६२,००० पीएसआय आणि .३०-०६ला ६०,००० पीएसआय कमाल दाब ठरवला आहे. .३०-३०ला ४२,००० आणि ७×५७ माउझरला ५१,०००, कारण या काडतुसांच्या कितीतरी जुन्या रायफली अजून वापरात आहेत. जिम कॉर्बेटची .२७५ रिग्बी म्हणजे हेच ७×५७. लष्करी एम-१ गरँड असेल तर ४३५०च्या वर्गातली मंद दारू टाळावी. तिच्यामुळे ऑपरेटिंग रॉड वाकू शकतो. आणि .३०-३०च्या लिव्हर रायफलीत काडतुसं एकामागे एक नळीच्या मॅगझिनमध्ये बसतात. पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर मागच्या गोळीचं टोक टेकतं, म्हणून तिथे चपट्या किंवा गोल नाकाच्या गोळ्या, नाहीतर खास त्यासाठी बनवलेल्या मऊ टोकाच्या.

माप कसं ठरवायचं

माप कोणाच्या सांगण्यावरून घेऊ नये, या लेखाच्याही नाही. एकाच गोळीचं, एकाच दारूचं कमाल माप दोन रायफलींत वेगळं निघू शकतं. नळी, चेंबर, पुंगळी, प्रायमर यांत फरक असतो. लष्करी पुंगळी जाड असते, आत जागा कमी, म्हणून दाब जास्त. म्हणून हॉर्नडी, सिएरा, नोस्लर, लायमन यांपैकी एक छापील पुस्तक घ्यावं, आणि दारूच्या कंपनीची मोफत माहिती त्याच्याशी ताडून पाहावी.

पुस्तकात किमान आणि कमाल असे दोन आकडे असतात. सुरुवात किमान मापाने. फक्त कमाल माप दिलेलं असेल तर त्यातून १० टक्के वजा करून सुरुवात करावी. किमान मापाच्या खाली मात्र मनाने जाऊ नये. मंद दारू फार कमी भरली तर दाब अचानक भडकण्याचा धोका असतो. कमी धक्क्याचं काडतूस हवंच असेल तर एच-४८९५ वापरावी. तिच्या कंपनीने कमाल मापाच्या ६० टक्क्यांपर्यंत उतरायला परवानगी दिली आहे.

.३०-०६च्या पुंगळीत अर्ध्या ग्रेनच्या, .२४३मध्ये .३ ग्रेनच्या पायऱ्या. प्रत्येक पायरीची तीन काडतुसं भरून पुंगळीवर मार्करने माप लिहावं. सर्वांत कमी मापापासून झाडायला सुरुवात. प्रत्येक गोळीनंतर क्रोनोग्राफवरचा वेग लिहावा आणि पुंगळी उचलून तिचं बूड पाहावं. प्रायमर सपाट होऊन कडेशी भिडला, पुंगळीच्या बुडावर इजेक्टरचा चमकता ठसा उमटला, बोल्ट उचलायला जड गेला किंवा वेग पुस्तकातल्या कमाल आकड्याच्या पुढे गेला, तर तिथेच थांबायचं. पुढची भरलेली काडतुसं झाडायची नाहीत. घरी नेऊन सुटी करायची. मागे यायचं ते दोन पायऱ्या. ही सगळी लक्षणं उशिरा दिसणारी आहेत. काही रायफलींत ती दिसण्याआधीच दाब मर्यादेबाहेर गेलेला असतो. म्हणून लक्षण नाही म्हणजे सगळं ठीक, असं समजून पुस्तकातलं कमाल माप ओलांडू नये.

शेवटच्या एका ग्रेन दारूने .३०-०६मध्ये वेग वाढतो सेकंदाला जेमतेम पन्नास-साठ फूट. दाब मात्र शेवटाकडे झपाट्याने चढतो. हरणाला त्या पन्नास फुटांनी काहीही फरक पडत नाही. म्हणून ज्या पायरीला गोळ्या सर्वांत जवळजवळ पडल्या ती निवडावी, मग ती कमाल मापाच्या एक-दोन पायऱ्या खालीच का असेना. तिची पुन्हा पाच-पाचच्या दोन फैरींनी खात्री करावी. १०० यार्डांवर पाच गोळ्या दीड इंचात आल्या, तर शिकारीच्या रायफलीने तिचं काम केलं.

गोळी किती खोल बसवायची तेही पुस्तकात असतं. .३०-०६ काडतुसाची कमाल लांबी ३.३४० इंच. यापेक्षा लांब काडतूस मॅगझिनमध्ये अडकतं, आणि गोळी आट्यांना टेकली तर दाब वाढतो. बार्न्स कंपनी तांब्याच्या गोळीसाठी आट्यांपासून .०५० इंच अंतर ठेवून सुरुवात करायला सांगते. दारूचा नवा डबा, वेगळ्या कंपनीचा प्रायमर, वेगळी पुंगळी किंवा त्याच वजनाची पण दुसऱ्या कंपनीची गोळी, यांतलं एक जरी बदललं तरी माप खाली उतरवून पुन्हा वर चढायचं. डिसेंबरात मिनेसोटात ठरवलेलं माप जुलैत टेक्सासच्या उन्हात जास्त दाब देऊ शकतं, म्हणून कमाल मापाजवळचा प्रयोग उन्हाळ्यातच करून पाहावा.

टेबलावरची शिस्त

टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा. काम संपलं की मोजणीच्या नळीतली उरलेली दारू लगेच त्याच डब्यात परत. नळीत ठेवून गेलात तर आठवड्याने ती कोणती होती हे कोणालाच आठवत नाही. मग ती फेकून देण्यावाचून इलाज नाही. काटा रोज प्रमाणित वजनांनी तपासायचा. एसीच्या झोतासमोर तो ठेवायचा नाही, आकडा नाचतो. सगळ्या पुंगळ्या फळीवर उभ्या करून, दारू भरल्यावर टॉर्च मारून पातळी पाहायची. एखादी रिकामी किंवा दुप्पट भरलेली लगेच दिसते. झाडताना आवाज नेहमीपेक्षा मऊ आला तर थांबा, बोल्ट उघडा, नळी आरपार मोकळी आहे का पाहा. गोळी आत अडकलेली असताना दुसरी झाडली तर नळी फाटते.

धूररहित दारू तिच्या मूळ डब्यातच ठेवावी, काचेच्या बरणीत कधीही नाही. राहत्या घरात ती २० पाउंडांपर्यंत आणि प्रायमर १०,०००पर्यंत, ही अमेरिकेतल्या अग्निसुरक्षा मानकाची मर्यादा. अनेक गावांचे नियम त्याहून कडक असतात आणि भाड्याच्या घरात घरमालकाची अट वेगळी असते. प्रायमर हाताळल्यावर हात साबणाने धुवायचे, टेबलावर चहाचा कप नको, मुलांच्या हाती काही लागू नये म्हणून सगळं कुलपात.

यातलं काहीच करायला वेळ नसेल तर दुकानातलं १६५ ग्रेनचं, चांगल्या बांधणीच्या गोळीचं काडतूस विकत घ्या. दोन-तीन कंपन्यांची आणून पाहा, आपल्या रायफलीला जे भावेल त्याची एकाच लॉटची दोन खोकी जास्त घेऊन ठेवा. हरणाला काडतूस कोणी भरलं याने फरक पडत नाही. गोळी कुठे लागली याने पडतो. भरायचंच ठरवलं असेल, तर पहिली खरेदी पुंगळ्या भरायच्या प्रेसची नको. आधी पुस्तक आणा, पहिली शंभर पानं पूर्ण वाचा, आणि मगच दारूच्या दुकानाची पायरी चढा.